मान धरली की घेतो

"मान धरली की घेतो." बापांचं हे लाडकं वाक्य. मान धरली की "बसायला तर लागू दे", बसलं की "बोलायला लागू दे". मग कधीतरी दहावीचा निकाल लागतो आणि हेच गृहस्थ, पोरगं आपल्याशी धड बोलत नाही म्हणून चारचौघांत उसासे टाकतात. मीही टाकलेत.

आमच्या पळवाटेला रीतीचंच पाठबळ. पहिलं बाळंतपण माहेरी. जावईबापू रविवारी यायचे, पाळण्यात डोकावून "झोपलंय वाटतं" म्हणायचे आणि जेवून परतायचे. तेल लावणं, पायावर घेऊन न्हाऊ घालणं, धुरी देणं हा बायकांचा प्रांत. कायदाही त्याच वळणाचा. 2017च्या दुरुस्तीनं आईची पगारी रजा 26 आठवड्यांवर गेली; केंद्र सरकारच्या नोकरीतल्या बापाला 15 दिवस, खासगीतल्याला कायद्यानं काहीच नाही. पण खरं सांगू? मिळाली असती, तरी ती रजा आम्ही बारशाचा हॉल शोधण्यात घालवली असती.

"त्याला अजून कळत नाही हो." कुणाला? 1980 साली डीकॅस्पर आणि फायफर या अमेरिकन संशोधकांनी तीन दिवसांचीही न झालेली बाळं घेतली. तोंडात चोखणी, कानाला आवाज. एका लयीत चोखलं की आईचा आवाज लागायचा, दुसऱ्या लयीत परक्या बाईचा. बाळांनी आईचा आवाज लावून घेतला! जे पोर तिसऱ्या दिवसाच्या आत स्वतः स्टेशन लावतं, त्याला आम्ही मातीचा गोळा समजतो.

त्याला नीट दिसतं ते 20 ते 30 सेंटिमीटरवरचं, म्हणजे वीत-दीड वीत. तेवढ्या अंतरावर फक्त तुमचं तोंड आणायचंय. पण तिथे आता मोबाइलची पाठ असते. बाळ हुंकार देतं आणि बाप शूटिंग करतो. 1970च्या दशकात एडवर्ड ट्रॉनिक या संशोधकांनी आयांना खेळता खेळता अचानक चेहरा दगडासारखा करायला सांगितलं. बाळं आधी हसून, हातपाय झाडून आईला परत बोलवू पाहायची. जमेना तेव्हा मान फिरवायची. तो प्रयोग होता, दोन-तीन मिनिटांत संपायचा. आमच्या घरांत तो रात्री जेवणं होईपर्यंत चालतो.

आणि खेळणं म्हणजे हवेत उडवणं नव्हे, बाबांनो! मान न धरलेल्या पोराला उडवू नये, एवढं तरी तुमच्याच वाक्यातून शिका. गुडघे उभे करून बसा, मांड्यांवर त्याला टेकवा, काहीतरी बोला. आणि मग गप्प बसा. हे गप्प बसणंच आम्हाला जमत नाही. उत्तर यायच्या आत खुळखुळा वाजवतो. त्यानं तोंड फिरवलं तर ते दमलंय. हनुवटी धरून वळवू नका.

परवा शेजाऱ्यांची दोन महिन्यांची नात मांडीवर घेतली. "काय गं बाई, दूध गोड होतं का आज?" विचारलं आणि थांबलो. डोळे विस्फारले, ओठांचा चंबू झाला, पाय दोनदा झाडले गेले. मग घशातून लांबलचक "अँऽऽगू" आलं.

तिचा बाप समोरच होता. मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "गॅस झाला असेल, काका."