हगादातली मराठी चूल

१८७४ साली पुण्यात एक हिब्रू-मराठी हगादा छापला गेला. वल्हांडणाच्या रात्री वाचायच्या या पोथीत एक चित्र आहे: साड्या नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताहेत. कथा इजिप्तमधल्या सुटकेची, घर मात्र मराठी.

ज्यू कला आणि जीवन पाहायला निघालेल्या मराठी वाचकाने सुरुवात इथूनच करावी. कोकणातले बेने इस्रायल ज्यू तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी ते बंद ठेवत. एलियाहू हानाबी या संदेष्ट्याच्या नावाने ते गोड पोह्यांचा मलिदा करतात, लग्नाआधी मेंदी लावतात. बायबलमधल्या कथांवर त्यांनी मराठीत कीर्तने रचली.

१९४८ नंतर यातली बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली. जेरुसलेमच्या इस्रायल म्युझियममध्ये कोचीच्या कडवुंभागम सिनेगॉगचा कोरीव लाकडी अंतर्भाग नव्याने उभा केलेला आहे. केरळच्या ज्यूंचा हा ठेवा तिथे जगभरचे लोक पाहतात.

महाराष्ट्राचा ठेवाही लोकांसमोर यायला हवा. नागपूरचे संग्रहालय, म्हणजे अजब बंगला, १८६३ पासून विदर्भाला जग दाखवते आहे. बेने इस्रायलांच्या पोथ्या, पोशाख, सणाची भांडी आणि छायाचित्रे यांचे फिरते प्रदर्शन तिथे भरावे, शाळकरी मुलांना ते आवर्जून दाखवावे, अशी या मासिकाची आग्रहाची सूचना आहे.