पीटीचा तास मुलांना परत द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,


शारीरिक शिक्षणाचा तास वेळापत्रकात असतो, पण मैदानावर होतोच असं नाही. गणिताचा पोर्शन राहिला की सगळ्यात आधी तोच मागून घेतला जातो. दहावीच्या मुलांना तर मैदान बहुधा खिडकीतूनच दिसतं. हे थांबावं, म्हणून हे पत्र.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या सूचनांप्रमाणे ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल इतकी हालचाल हवी. आठवड्यातले निदान तीन दिवस त्यात हाडं आणि स्नायू बळकट करणारा व्यायाम हवा. धावताना स्नायू रक्तातली साखर वापरतात आणि नंतरही बराच वेळ इन्शुलिनला चांगली दाद देतात. उडी मारली की हाडांवर भार येतो आणि त्या भारानेच ती भक्कम होतात. हाडांची ही पुंजी बहुतांशी विशीपर्यंतच साठते. पुढे जन्मभर तीच पुरवायची असते. पाळी गेल्यावर बायकांची हाडं झपाट्याने झिजतात, म्हणजे मुलींना ही पुंजी जास्तच लागणार. तरीही आठवी-नववीच्या मुली मैदानाच्या कडेला ओढण्या सावरत, इतरांची दप्तरं सांभाळत बसलेल्या दिसतात. याच मुली पुढे मोठ्या होतात. २०२२ साली भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते आणि त्यात स्त्रियांचं प्रमाण पुरुषांहून बरंच जास्त होतं.

कायदा आपल्या बाजूने आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेला मैदान आवश्यक ठरवलं आहे. सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील, तर शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकही सांगितला आहे. साहित्यही फारसं लागत नाही. लंगडीला आखलेली चौकट पुरते, खो-खोला दोन खांब. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या दोन्ही संघांनी जिंकला आणि दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. पदकं मोजक्यांनाच मिळतील. धडधाकट हृदय मात्र वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलालाही हवं.

म्हणून तीन मागण्या. पीटीचा तास दुसऱ्या विषयाला देता येणार नाही, दहावीतही नाही, असा आदेश काढा. निदेशकांची रिकामी पदं भरा आणि शाळा तपासणीत हा तास खरोखर होतो का, ते मुलांनाच विचारायला सांगा. मुलींना खेळायला सोयीचा गणवेश आणि स्वच्छ, पाणी असलेलं स्वच्छतागृह द्या. त्यावाचून त्या मैदानात उतरणार नाहीत.

चाळिशीतल्या मधुमेहावर सरकार औषधं पुरवतंच. तो टाळण्याची सुरुवात दहाव्या वर्षी शाळेच्या मैदानावर होऊ शकते आणि ते आपल्या खात्याच्या हातात आहे. येत्या जूनच्या आत हा आदेश निघावा, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक पालक