आखाडा त्यांचा, फावडे आपले



धार आणि देवास ही पवारांची जुनी संस्थाने. देवासला तर एकाच गावावर दोन राजे, थोरली पाती आणि धाकटी पाती. दरबारांमागून मराठी घरे आली आणि माळव्याच्या मातीत रुजली. आखाड्याची आवड इथे होतीच, ती या घरांतही होती. मध्य प्रदेशाने २०१३ साली मल्लखांबाला राज्यखेळाचा मान दिला. शेजारच्या उज्जैनचे प्रशिक्षक योगेश मालवीय यांना २०२० साली द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. म्हणजे गावात कुस्ती, मल्लखांब, खो-खोचा दिवस ठरला की मैदान भरते, आणि राबणारे हात कमी पडतात.

त्या हातांत आपल्या मंडळीतल्या तरुणांचे हात असावेत का? माझे मत स्पष्ट आहे: असावेत. पण वडीलमंडळींच्या मनातल्या दोन शंका खऱ्या आहेत. त्या हसण्यावारी नेता येणार नाहीत.

पहिली शंका आखाड्यातल्या मारुतीची. खेळाआधी नारळ फुटतो, हौदातल्या मातीला हळद लागते, कुस्त्यांचा दिवस बहुधा नागपंचमीचा. विश्वासणाऱ्याने तिथे फावडे धरावे कसे? इथे मला करिंथ आठवते. त्या शहराजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियाचे खेळ भरत, तेही पोसायडन या समुद्रदेवाच्या नावाने. पौल त्या शहरात दीड वर्ष राहिला. पुढे करिंथकरांना पत्र लिहिताना त्याने धावणारा आणि मुष्टियोद्धा हे दाखले बेधडक वापरले, कोमेजणाऱ्या मुकुटाचाही उल्लेख केला. हे पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात आहे. लगेच पुढच्या, दहाव्या अध्यायात तो बजावतो की प्रभूच्या मेजावर बसणाऱ्याने मूर्तीच्या मेजावर बसू नये. एकाच पत्रात, एका पानाच्या अंतराने! मैदान आणि मेज यांतला फरक त्याला कळत होता, तो आपल्यालाही कळू शकतो. हौद खणावा, माती चाळावी. नारळ फुटताना आदराने बाजूला उभे राहावे. प्रसाद पुढे आला तर हात जोडून, हसून नको म्हणावे. इथली माणसे एवढ्याने दुखावतात असा माझा अनुभव नाही. तोंड वाकडे केले तर मात्र दुखावतात.

दुसरी शंका अधिक नाजूक आहे. मध्य प्रदेशात धर्मांतरासंबंधी कायदा १९६८ पासून होता. त्याच्या जागी २०२१ चा धार्मिक स्वातंत्र्य अधिनियम आला. त्यात प्रलोभनाच्या व्याख्येत भेटवस्तूही येते. ख्रिस्ती माणूस मैदानावर मुलांना पाणी देताना दिसला तर कोणी बोट दाखवील, ही भीती पोकळ नाही. म्हणून काहीजण म्हणतात, घरी बसावे. मला वाटते, घरी बसल्याने संशय वाढतोच. ज्याला कधी पाहिलेले नसते त्याच्याविषयी काहीही खरे वाटते. जावे, पण काही पथ्ये पाळून. आयोजकांनी बोलावल्यावरच जावे. बक्षिसे, खाऊ, टोप्या यांपैकी काहीही आपल्या हाताने वाटू नये. द्यायचेच असेल तर आयोजकांकडे पावती घेऊन द्यावे. पत्रके न्यायची नाहीत. हे मी केवळ कायद्याच्या धाकाने म्हणत नाही. खो-खो खेळायला आलेले मूल खो-खो खेळायला आलेले असते. त्याच्या धापेचा आणि तहानेचा फायदा घेणे मला सुवार्तेला शोभणारे वाटत नाही. मात्र कोणी विचारले, तुम्ही कोण, तर सरळ सांगावे. पेत्र आपल्याला उत्तर द्यायला तयार राहायला सांगतो, तेही सौम्यतेने.

खरी अडचण मला वेगळीच दिसते. आपल्याला सेवेची सवय आहे ती यजमान म्हणून. धारमध्ये कॅनेडियन प्रेस्बिटेरियन मिशनच्या डॉ. मार्गारेट ओहारा यांनी रुग्णसेवा केली. त्यांच्यासारख्यांच्या दवाखान्यांचे आणि शाळांचे नाव आपण अजून अभिमानाने घेतो, घ्यावेच. पण तिथे अंगण आपले होते, येणारा दुसरा होता. आखाड्यात उलटे आहे. तिथे वस्ताद सांगतील ते करायचे. प्रभू सूखार गावच्या विहिरीवर बसला तेव्हा त्याच्याकडे पोहराही नव्हता, आणि त्याने शमरोनी स्त्रीकडे पाणी मागून बोलणे सुरू केले. मागण्याची, दुसऱ्याच्या हाताखाली राबण्याची ही रीत आपल्या समित्यांना फारशी जमलेली नाही. पाहुणे म्हणून व्यासपीठावर खुर्ची मिळाली की आपण खूश, फक्कीची पिशवी दिली की जरा अवघडतो.

आणि काम तर तिथेच आहे. खो-खोचे मैदान २७ मीटर लांब, १६ मीटर रुंद. दोन टोकांना दोन खांब, मधल्या पट्टीवर आठ चौकोन, त्यांत आठ गडी आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसणार. रेघ हातभर सरकली तर कोणाचा तरी गडी अन्यायाने बाद होतो. मल्लखांबाला एरंडेल लावायचे असते. उडी चुकून मूल खाली आले तर त्याखाली गादी हवी, आणि ती सरकवणारा माणूस मोबाइल पाहत नसावा. गुणलेखकाला आपल्या गल्लीतला संघ आणि परका संघ एकाच पेन्सिलीने लिहावा लागतो. पौलाने तीमथ्याला नियमाप्रमाणे खेळणाऱ्याविषयी लिहिले, ते मला खेळाडूइतकेच या टेबलावर बसलेल्या माणसालाही लागू वाटते. मुलींच्या सामन्यांना तर बायांची गरज असतेच: कपडे बदलायच्या खोलीच्या दाराशी, पाण्याच्या पिंपाशी, प्रथमोपचाराच्या पेटीशी. आपल्या महिला मंडळात निवृत्त परिचारिका असतील तर त्यांना आधी विचारा.

राहता राहिला रविवार. सामने सकाळी असले तर सगळ्यांनी उपासना सोडून जाऊ नये, असे मी म्हणेन. एरिक लिडेलने १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रविवारी धावायला नकार दिला, हे आपण मुलांना सांगतो. मग चारशे मीटरमध्ये त्याने सुवर्णपदक मिळवले, हेही सांगतो. त्याचा निर्णय त्याचा होता, आपल्यावर तो नियम म्हणून लादायला नको, पण विसरायलाही नको. फक्की मारायचे, हौद खणायचे काम बहुतेक शनिवारी संध्याकाळी होते. एक गट तेव्हाच जाईल. दुसरा गट उपासना आटोपून, जेवण न करता, थेट मैदानावर. पाळकसाहेबांनी त्या दिवशी उपदेश जरा आवरता घेतला तर दुपारचे सामने सुरू होण्याआधी पोहोचता येते.