जीर्णोद्धार की जीर्णसंहार?

गावच्या यादवकालीन शिवालयाचे शिखर ढासळले की बैठक भरते, वर्गणी गोळा होते आणि वर्षभरात सिमेंटचा कळस, भिंतींना चकचकीत फरशी व खांबांना तैलरंग चढतो. यालाच आज जीर्णोद्धार म्हणतात! देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी अर्थातच दर्शनी भागात असते. भक्तीत खोट नाही. खोट आहे ती दृष्टीत.

हेमाडपंती म्हणून ओळखली जाणारी ही मंदिरे बहुतांशी चुन्याविना, दगडात दगड गुंतवून उभारली गेली. सात-आठशे पावसाळे त्यांनी या सांध्यांच्या बळावर सोसले. तैलरंग दगडातील ओल आत कोंडतो, मग कोरीव कामाचे पापुद्रे सुटतात. सिमेंटमधील क्षार तर पाषाणच पोखरतात. आक्रमकांच्या घणातून जे वाचले, ते भक्तांच्या रंगाच्या डब्याने जावे?

पर्याय ठाऊक नाही, असेही नाही. जेथे मूळ बांधकाम चुन्यातले आहे, तेथे चुनाच हवा. कित्येक गडांवर चुन्याचा घाणा आजही दिसतो. गोल चर, त्यात फिरणारे दगडी चाक. भिजवलेला चुना त्यात मळला जाई. हे काम जाणणारे गवंडी आणि पाथरवट आजही आहेत, पण महाशिवरात्रीपूर्वी काम उरकून देणाऱ्या कंत्राटदारापुढे त्यांना विचारतो कोण?

रंगाचे थर हलक्या हाताने, चिकाटीने उतरवले की खालून यक्षाची पापणी, छिन्नीची रेघ उमटते. विश्वस्तांनी निदान एक खांब तरी असा मोकळा करून पाहावा. फरशीचा ठराव त्यानंतर मांडावा.