पाहुणे आणि हिस्सेदार

कोकणातले बंद घर उघडायला नुसती किल्ली पुरत नाही. दार ढकलले की आधी वाळवी भेटते, मग वटवाघळे आणि सर्वांत शेवटी भाऊबंद.

मुंबईच्या मनिऑर्डरीवर एके काळी ही घरे तगली. १९८२ च्या गिरणी संपानंतर तो झरा आटत गेला, आणि घरे म्हाताऱ्यांच्या, पुढे कुलपांच्या हवाली झाली. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा झाला, पुढच्याच वर्षी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. चिऱ्याच्या भिंती आणि सारवलेली पडवी पाहायला शहरी माणूस पैसे मोजून येऊ लागला. २०२० मध्ये राज्याचे कृषी पर्यटन धोरणही आले.

आता शहरातले बिऱ्हाड मोडून काही कुटुंबे अशा घरात राहायला जातात, पाहुणे ठेवतात. त्यांचे मला कौतुक वाटते. पावसाआधी घर शाकारायचे, पहाटे उठून दहाजणांचे घावन घालायचे, हे हौसेचे काम नव्हे. (ते बहुधा घरच्या बाईच्याच वाट्याला येते, हेही बोलून टाकलेले बरे.)

बँकेत असताना असे कर्जाचे अर्ज माझ्या टेबलावर येत. माणसे कष्टाळू, घर भक्कम. पण उताऱ्यावर आजोबांच्या पाच मुलग्यांची नावे, त्यांतले तिघे वारलेले. आत्यांची नावे तर कुणी घातलीच नव्हती. संमतीपत्रे आणा म्हटले की अर्जदार ओशाळे. ‘साहेब, काकांकडे कसं मागू? त्यांना वाटेल, घर लाटतोय.’

वीस वर्षे छप्पर गळत होते तेव्हा काकांना हिस्सा आठवत नाही. अंगणात पाहुण्यांची पहिली गाडी लागली की आठवतो. पण काकांचेही अगदीच चूक नाही. त्यांचा जन्म त्या घरातला. गणपतीला आल्यावर माजघरात परकी माणसे दिसली आणि आपली पथारी ओटीवर, तर त्यांनी काय समजायचे?

म्हणून पहिला पाहुणा येण्याआधीच सगळ्या हिस्सेदारांनी एकत्र बसावे. दुरुस्तीला कुणी किती घातले, ते उत्पन्नातून कसे फिटणार, हे वकिलाकडून कागदावर आणावे. गणपतीत आणि शिमग्यात खोल्या घरच्यांच्याच, गिऱ्हाईक दुप्पट देत असले तरी. वारसनोंदीला मृत्यूचे दाखले लागतात. ते हमखास मुंबईतल्या चुलत भावाच्या कपाटात असतात. तेव्हा पहिला फोन त्यालाच करावा.