जुन्या मोटारीचे मोल पावतीवर ठरत नाही

जुनी मोटार विकावयास काढली, की बहुतेक मालक प्रथम कपाटातील खरेदीची पावती शोधतात. गाडी नवी घेताना किती मोजले, नोंदणीला किती गेले, सीटकव्हर आणि म्युझिक सिस्टिमवर किती खर्च झाला, यांची बेरीज होते. तीतून वापराच्या वर्षांपोटी काही रक्कम वजा करून 'रास्त' किंमत मनाशी पक्की केली जाते. ग्राहकाचा हिशेब मात्र दुसऱ्याच टोकाकडून सुरू होतो. हीच गाडी आज नवी कितीला मिळते, हा त्याचा पहिला प्रश्न असतो. २२ सप्टेंबर २०२५ रोजी वस्तू व सेवा कराचे (जीएसटी) नवे दर लागू झाले, तेव्हा या दोन हिशेबांतील अंतर स्पष्ट झाले.

चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १,२०० सीसीपर्यंत क्षमतेच्या पेट्रोल मोटारींवर त्याआधी २८ टक्के कर आणि एक टक्का उपकर होता. त्या दिवसापासून तो सरसकट १८ टक्के झाला. करापूर्वी पाच लाख रुपये मूल्य असलेली मोटार आदल्या दिवशी ६ लाख ४५ हजारांना पडत होती, ती ५ लाख ९० हजारांवर आली. नव्या ग्राहकाचे ५५ हजार रुपये वाचले. परंतु दारात उभ्या असलेल्या त्याच मॉडेलच्या जुन्या गाडीचा आधारही तेवढाच खचला. वास्तविक ती त्या रात्री एक किलोमीटरही धावली नव्हती.

हा फटका मोजण्याचे एक साधन विम्याच्या पॉलिसीवरच छापलेले असते. 'आयडीव्ही' या नावाने दिलेली ही रक्कम पॉलिसी घेतेवेळच्या नव्या गाडीच्या किमतीतून घसारा वजा करून काढतात. घसारा सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५० टक्के धरला जातो. वरील मोटार तीन वर्षांच्या आतली असेल, तर जुन्या दराने ४ लाख ५१ हजार ५०० रुपये येतात आणि नव्या दराने ४ लाख १३ हजार. मालकाचे ३८ हजार ५०० रुपये गेले. गाडी कर्जावर घेतली असेल, तर कर्जाची बाकी मात्र तसूभरही घटली नाही.

अर्थात आयडीव्ही म्हणजे बाजारभाव नव्हे. धावलेले अंतर, मालक कितवा, अपघाताची दुरुस्ती, टायरची अवस्था या गोष्टी तीत धरलेल्या नसतात. मागणी असलेली गाडी तिच्याहून अधिक दाम मिळवते, नसलेली कमी.

विक्री व्यापाऱ्याला केली, तर भाव आणखी उतरतो. जीएसटी परिषदेने डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरच्या बैठकीत जुन्या गाड्यांच्या व्यापारावरील कर सरसकट १८ टक्के केला. लहान गाड्यांसाठी तो पूर्वी १२ टक्के होता. त्यावेळी सामान्य विक्रेत्यालाही हा कर भरावा लागणार, अशी आवई उठली. ती चुकीची होती. खासगी व्यक्तीने व्यक्तीला गाडी विकल्यास हा कर नाही. तो नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या नफ्यावर आहे. चार लाखांना घेऊन साडेचार लाखांना विकली, तर ५० हजारांवर नऊ हजार. अर्थात ते नऊ हजार व्यापारी आपल्या खिशातून देईल, अशी अपेक्षा कोणी करू नये.

नोंदणीची पंधरा वर्षे संपत आलेल्या गाडीचे गणित वेगळेच असते. फेरनोंदणीचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५ हजार झाले. महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण कर असतो. चौदा वर्षांच्या मोटारीचा ग्राहक हा खर्च आधीच वजा करून बोली लावतो.

दोन-पाच हजार अधिक देणारा, पण 'नाव नंतर बदलू' म्हणणारा ग्राहकही भेटतो. अशी गाडी विकल्यानंतर अपघात झाल्यास भरपाईचे दायित्व नोंदणीत नाव असलेल्या मालकावरच राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. राज्यांतर्गत विक्रीची माहिती आरटीओला देण्यासाठी कायद्याने विक्रेत्याला १४ दिवसांची मुदत आहे.