मनाची वही

एकत्र कुटुंबांत माणसें पुष्कळ, परंतु मन मोकळें करावयास जागा थोडी. घरांतील बायकांचा रोष सोसून रमाबाई ज्यांच्यापाशीं लिहावयास शिकल्या, ते न्यायमूर्ति रानडे १९०१ सालीं निवर्तले. त्याच विद्येच्या आधारें रमाबाईंनीं पतीच्या आठवणी लिहिल्या. त्या १९१० सालीं प्रसिद्ध झाल्या.

१९८६ सालच्या एका अमेरिकन प्रयोगांत सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटें स्वतःचें दुःख लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांस पुढें दवाखान्याच्या पायऱ्या कमी चढाव्या लागल्या.

लिहिल्यानें दुःख टळत नाहीं. परंतु वाक्य रचतांना कर्ता, कर्म, क्रियापद शोधावें लागतें, आणि भरकटलेलें मन ठिकाणावर येतें.

यास्तव वडीलधाऱ्यांस विनंति कीं, दुःखांत असलेल्या सुनेस एक कोरी वही द्यावी, आणि ती कधींही उघडून पाहूं नये.